भिंतीवर न चढलेला फिरक्या

मी एक जुना फिरक्या आहे. जुना म्हटलं की तुम्ही लगेच हळहळू लागता. मित्रांनो, ते आधी थांबवा. मला कुणाची कीव नको.

मी म्हणजे लाकडी मुठीला जोडलेली ताटलीएवढी लोखंडी चकती. गाड्यांची चाकं करणाऱ्या लोहारखान्यात माझा जन्म झाला. लाकडी चाकावर लोखंडी धाव, म्हणजे बाहेरचं कडं, चढवायची, तर ती केवढी हवी, हे मी सांगतो. माझ्या कडेवर खडूची खूण करायची आणि मला चाकाच्या कडेने फिरवायचं. मी जितक्या फेऱ्या घेईन, तितका त्या चाकाचा परीघ, म्हणजे त्याच्या भोवतीची सगळी लांबी. मग लोखंडी पट्टीवर तेवढ्याच फेऱ्या मारायच्या. आमच्या मालकीणबाईंना सगळे आत्या म्हणतात. त्या म्हणायच्या, "माणूस चुकेल, फिरक्या चुकणार नाही." ऐकून माझी छाती फुगायची!

पुढे मोजायची पोलादी फीत आली आणि मी खिळ्याला लटकलो. एके दिवशी एका हॉटेलवाल्याची नजर माझ्यावर गेली.

"सोनेरी रंग देऊन भिंतीवर लावतो. काय शोभेल!"

"न्या संध्याकाळी," आत्या म्हणाल्या. "नाहीतरी पडूनच आहे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. जन्मभर फिरलेल्या मला शोभेला टांगणार?

त्याच दुपारी आत्यांची भाची फूलवालीच्या हातगाडीची धाव करत होती. तिने फितीने चाकाचं माप घेतलं, गुणाकार केला, पट्टी कापून धाव जोडली आणि लालबुंद तापवली. धाव नेहमी जराशी आखूडच ठेवतात. तापली की ती फुगते, निवली की चाकाला घट्ट आवळते. पण ही फारच आखूड निघाली. एका बाजूने बसली, दुसऱ्या बाजूने वर राहिली, आणि लाकूड धुमसायला लागलं. दोघींनी धावपळ करून पाणी ओतलं.

"आत्या, गुणाकार दोनदा तपासला होता गं!"

"गुणाकार बरोबरच आहे. फीत कुठून नेलीस?"

"चाकाच्या मधल्या तुंब्याच्या बाजूने. मधोमध तोच आडवा येत होता."

"मग ती जीवा झाली, व्यास कसला? व्यास केंद्रातूनच जातो, म्हणून तर तो सगळ्यांत लांब. तुंब्याच्या मध्यापासून कडेपर्यंत त्रिज्या, तशा दोन त्रिज्यांचा एक व्यास. आणि परीघ त्या व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त. चाक बशीएवढं असो नाहीतर गाडीएवढं, त्यात फरक पडत नाही."

भाची रडकुंडीला आली. "फूलवाली बाई सकाळी गाडी न्यायला येणार. गाडी नाही तर त्यांचा धंदा नाही. पुन्हा चुकलं तर हे लाकूडही जाईल."

तेवढ्यात तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मला तुंब्याशी काय देणंघेणं? मी कडेने जातो! तिने मला खाली काढलं, तेल दिलं, खडूची खूण केली. पहिल्या फेरीला मी करकरलो, हे कबूल. दुसरीला मात्र असा पळालो की आत्यासुद्धा हसल्या. आवळण्यापुरतं कमी करून नवी धाव कापली. ती तापली, चाकावर उतरली, पाणी पडताच चर्र झालं आणि तिने चाक असं धरलं की हातोड्यानेही हलेना.

दारात हॉटेलवाला उभा होता. "चला, द्या ती वस्तू."

भाचीने मला घट्ट धरलं. "तो कामात आहे."

"अहो, बोलणं झालंय आमचं!"

आत्यांनी एकवार भाचीकडे पाहिलं. "झालं होतं. आता मोडलं."

"बरं, मग मोकळा कधी होणार तो?"

"जगातली चाकं संपली की या," भाची म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपून ठेवा, असं मी मुळीच सांगणार नाही. जपून ठेवलेलं लोखंडही गंजतं. आम्हाला तेल द्या आणि राबवा. ज्यांना भिंत हवी, त्यांना ती लखलाभ. मला उद्या सकाळी दुसरं चाक मोजायचं आहे.