माझ्यावरच्या चार ओळी

तुम्ही मला खोटे पाडले आहे. होय, तुम्हालाच म्हणतो आहे. नाव घेत नाही, कारण फलकाने आपल्यावर लिहिले असेल तेवढेच बोलायचे असते. पण तुम्ही सहावीतल्या एका मुलीला घरी बसवलेत आणि कारण विचारल्यावर बोट दाखवलेत ते माझ्याकडे. "ते बघ, तिथं काय लिहिलंय," म्हणालात. तिने केले काय होते? माझ्यावर जे लिहिले होते तेच. तेव्हापासून माझे डोके चालेनासे झाले आहे. फलकाला डोके नसते म्हणा. जे काही असेल ते चालेनासे झाले आहे.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फलक आहे. एका ख्रिस्ती शाळेच्या हॉलमध्ये, जिथे सकाळची प्रार्थना होते, तिथे समोरच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. माझ्याखाली पायपेटी आहे. पायाने भाता मारत वाजवतात ती मोठी पेटी. डावीकडे मेणबत्त्यांचे छोटे टेबल, उजवीकडे खिडकी आणि समोर बाकांच्या रांगा. एवढेच माझे जग.

त्याआधी मी दार होतो. एक मोडके दार सुताराने सुटे केले, त्यातल्या बऱ्या फळ्या निवडल्या, रंधा मारला आणि मला जोडले. दार होतो तेव्हा फार बरे होते. उघड म्हटले की उघडायचे, मीट म्हटले की मिटायचे. डोक्याला ताप नाही. मग रंगारी काका आले. त्यांनी मला निळा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत शाळेची चार वचने लिहिली. ही शाळा ज्या गोष्टींवर उभी आहे त्या, असे तेव्हाच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मला भिंतीवर चढवताना सांगितले आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. माझ्यासाठी! मी नुसता फुगलो. फळ्या फुगल्या तर वाईट, पण ते फुगणे वेगळे होते.

आता एक गंमत सांगतो. माझ्यावर काय लिहिले आहे ते मला दिसत नाही. तुम्हाला तरी स्वतःचे कपाळ कुठे दिसते? मला ते कळले मुलांच्या तोंडून. रोज सकाळी सगळी शाळा माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणते:

आम्ही खरे बोलू.
आम्ही एकमेकांवर प्रीती करू.
आम्ही मोठ्यांचा मान राखू.
आम्ही चुकलेल्याला क्षमा करू.

शेवटची ओळ नेहमी जरा पुटपुटल्यासारखी ऐकू येते. त्याचे कारण पुढे कळले. रंगारी काकांचा अंदाज चुकला होता. पहिल्या तीन ओळी त्यांनी ऐसपैस लिहिल्या आणि क्षमेला जागाच उरली नाही. मग ती खालच्या कडेला दाटीवाटीने बारीक अक्षरांत बसवली. मागच्या बाकांना ती दिसतच नाही. मला वाटायचे, असू दे, पाठ तर आहे ना सगळ्यांना.

किती पिढ्यांनी मला वाचले! पाहुणे यायचे, माझ्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. "काय सुंदर विचार आहेत," म्हणायचे आणि चहाला जायचे. पुढे कौतुक आटले. माझ्या कोपऱ्यावर पाल राहू लागली. रोज ओल्या फडक्याने मला पुसणाऱ्या सफाईच्या मावशी सोडल्या, तर माझ्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. मावशी म्हणायच्या, "तुझं बरंय बाबा, उभं राहायचं न् पुसून घ्यायचं." त्याच रोज सकाळी मेणबत्त्या पेटवायच्या आणि प्रार्थना संपली की विझवायच्या.

या शाळेत शुक्रवारी साक्ष असते. साक्ष म्हणजे काय, ते सांगतो, कारण सगळा घोळ या एका शब्दाने केला आहे. शुक्रवारी प्रार्थनेत कोणीतरी एक जण पुढे येऊन, देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सगळ्यांना सांगतो. त्याला म्हणतात साक्ष देणे. कोणाच्या आजीचा ताप उतरलेला असतो, कोणाची छत्री सापडलेली असते. चौथीतल्या एका पठ्ठ्याने एकाच मांजरीची साक्ष तीनदा दिली होती. तरी कोणी हसले नाही, कारण साक्ष मध्ये तोडायची नाही, हा इथला रिवाज आहे. गाण्याच्या बाई शिकवतात, "साक्ष देताना मनात काही मागे ठेवायचं नाही. जे झालं ते सगळं सांगायचं." शेवटी सगळे म्हणतात, आमेन.

आता त्या मुलीकडे येतो. तिला सगळे भोंगा म्हणतात. आवाजच तसा आहे. ती ओळी म्हणू लागली की पालही जागा सोडते.

एका दुपारी शाळा सुटली होती. हॉलमध्ये मोठे सर एकटे आले. आपले मुख्याध्यापक. सगळे त्यांना मोठे सरच म्हणतात. ते पायपेटीच्या स्टुलावर बसले, खिडकी किलकिली केली आणि सिगारेट पेटवली. मी गडबडलो. या शाळेत तंबाखूला बंदी आहे. शिपायाने तंबाखू मळली म्हणून याच सरांनी त्याला माझ्यासमोर उभे केले होते. मग मला वाटले, माणूस आहे, दमला असेल. तेवढ्यात बाहेर पावले वाजली. सरांनी घाईघाईने सिगारेट पायपेटीच्या कडेवर ठेवली, उठले आणि दुसऱ्या दाराने निघून गेले. सिगारेट तिथेच राहिली. ती घरंगळून मागे गेली. आधी पेटीवरचे कापड जळले, मग भात्याचे कातडे.

पावले भोंग्याची होती. डबा विसरला म्हणून ती परत आली होती. तिने दारातून सरांना सिगारेट ठेवून जाताना पाहिले, धूर पाहिला आणि पाण्याची बाटली पेटीवर ओतली. पण भात्याला भोक पडायचे ते पडलेच. तिने हे कोणाला सांगितले नाही. का नाही, ते मला माहीत आहे. तिसरी ओळ. मोठ्यांचा मान राखू.

दुसऱ्या दिवशी गाण्याच्या बाईंनी भाता मारला तर पेटीतून सूर येईना, नुसती धाप. "पेटीला दमा झाला," मुले म्हणाली. जळलेले कापड सापडले. आणि मोठे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मेणबत्त्यांच्या एवढ्या जवळ पेटी. मावशीला दहादा सांगितलंय, विझवून जात जा म्हणून."

मावशींनी फडके उचलले आणि त्या कामाला लागल्या. त्या दुपारी मला पुसताना त्यांचे हात थांबत होते. भोंगा शेवटच्या बाकावर गाण्याचे पाठांतर करत बसली होती.

"मावशी, काय झालं?"

"काय व्हायचंय, पोरी. शुक्रवारी विश्वस्त येणारेत. मला काढतील आता."

"पण तुम्ही तर विझवता. मी रोज बघते."

"तू बघून काय उपयोग? बघायला मोठं माणूस लागतं."

मी तिथेच अडकलो. मावशी मोठ्या सरांपेक्षा वयाने मोठ्या आहेत. मग मोठ्यांचा मान राखू म्हणजे नेमका कोणाचा? माझ्यावर लिहिणाऱ्याने ते लिहिले नव्हते.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मोठ्या सरांनी भोंग्याला हॉलमध्ये बोलावले.

"उद्या तुला साक्ष द्यायची आहे."

"मी? खरंच सर?"

"घाबरायचं नाही. मेणबत्त्या मावशीच पेटवते, हे तुला माहीत आहे ना?"

"हो सर. रोज त्याच."

"झालं तर मग. तेवढंच सांगायचं. आणि जरा हळू बोल. तू तोंड उघडलंस की खिडक्या हलतात."

सरांना म्हणायचे होते की उद्या ऑफिसात, विश्वस्तांसमोर, दार लावून, विचारतील तेवढेच सांग. एक वाक्य. ते खरेही होते, मित्रांनो. मेणबत्त्या मावशीच पेटवत. एवढ्या लहानशा खऱ्याने एवढे मोठे खोटे उभे करता येते, हे मला तोवर माहीत नव्हते. पण भोंग्याला साक्ष म्हणजे एकच गोष्ट माहीत होती. शुक्रवारची.

शुक्रवारी विश्वस्त आले आणि बैठकीआधी प्रार्थनेला पुढच्या रांगेत बसले. ओळी म्हणून झाल्या. साक्षीची वेळ झाली. भोंगा उठली आणि तरातरा पुढे आली. गाण्याच्या बाईंना वाटले सरांनी सांगितले आहे. ते तर खरेच होते. मोठे सर अर्धवट उठले आणि परत बसले. साक्ष मध्ये तोडायची नसते.

"माझी साक्ष अशी आहे," ती म्हणाली. तिच्या मते ते हळू होते. "मेणबत्त्या मावशी पेटवतात आणि त्याच विझवतात. त्या दिवशी पण विझलेल्या होत्या. पेटी सिगारेटनं जळली. ती मोठ्या सरांची होती. सर घाईत विसरले. मी पाणी ओतलं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण सरांचा मान राखायचा होता. पण काल सर स्वतः म्हणाले, साक्ष दे. मावशींचं नाव येतंय हे सरांना बघवलं नसेल. त्यांना स्वतःला सांगायला लाज वाटली असेल, म्हणून मला सांगितलं. मला सर आता आधीपेक्षा मोठे वाटतात. आपण सगळे त्यांना क्षमा करू या. आमेन."

"आमेन," सगळी शाळा म्हणाली. सवयीने. विश्वस्तसुद्धा म्हणाले, आणि मग एकमेकांकडे बघू लागले. मागच्या बाकावरून मांजरवाल्याचा आवाज आला, "भारी साक्ष होती रे!"

मोजून बघा, मित्रांनो. मी पुन्हा पुन्हा बघतो आहे. ती खरे बोलली, पहिली ओळ. मावशींवर प्रीती केली, दुसरी. सरांना मोठे म्हणाली, आणि मनापासून म्हणाली, तिसरी. क्षमा मागितली ती सरांसाठी, चौथी. इतक्या वर्षांत माझ्या चारही ओळी एका दमात पाळणारे दुसरे कोणी मी पाहिले नाही. मला वाटले, आता सर उठतील, "हो, चुकलो" म्हणतील, आणि ती दाटीवाटीतली बारीक ओळ एकदा तरी मोठ्याने वाचली जाईल. क्षमा करायला सगळा हॉल तयार होता. फक्त चुकलो म्हणणारा कोणी हवा होता.

सर उठले नाहीत. प्रार्थना संपल्यावर त्यांनी तिला माझ्यासमोर उभे केले. तिच्या वडिलांना बोलावून आणले होते. ते कामावरच्याच कपड्यांत, हातात टोपी धरून उभे होते.

"तिसरी ओळ वाच."

तिने वाचली.

"कळली?"

"हो सर. पहिली पण वाचू?"

"तिसरी!"

"पण सर, तुम्हीच म्हणालात ना, साक्ष दे म्हणून?"

सरांनी तिच्याकडे पाठ फिरवली. ते वडिलांना म्हणाले, "विश्वस्त ठरवतील हिला शाळेत ठेवायचं की नाही. तोवर घरी राहू दे." वडिलांनी तिचा हात धरला. दारापाशी ते तिला हळूच म्हणाले, "चल बाळा. तुझं काही चुकलेलं नाही." तेही खरेच असावे. पण मग ती घरी का?

मावशींची नोकरी राहिली. त्यांना काढायला आता कोणाला तोंड नव्हते. पण त्या मला पुसतात तेव्हा पहिल्या ओळीशी थबकतात. "माझ्यापायी पोर घरी बसली," म्हणतात.

मग रंगारी काका आले. आता म्हातारे झालेत, शिडी चढताना गुडघे वाजतात. खाली मोठे सर उभे होते.

"पहिल्या ओळीत 'आम्ही'च्या पुढे दोन शब्द घाला. योग्य ठिकाणी."

"योग्य ठिकाणीच घालतो सर, पण शब्द कुठले?"

"अहो, तेच शब्द! योग्य ठिकाणी."

काका हसू दाबत म्हणाले, "मग अवघड आहे. योग्य ठिकाणी बसायला तिथं ठिकाणच नाही."

"बारीक अक्षरात घाला."

"आणि योग्य ठिकाण म्हणजे कुठलं हो सर?"

"तुम्ही रंगवा."

सोमवारी सकाळी मुलांनी ओळी म्हटल्या तेव्हा माझ्यावर काय झाले ते मला कळले. म्हणजे धड कळलेही नाही. निम्म्या मुलांनी सवयीने जुनी ओळ म्हटली, निम्म्यांनी नवी वाचली, आणि दोन्ही एकमेकींवर आपटल्या. आम्ही खरे, आम्ही योग्य, बोलू, ठिकाणी. सगळा गलका. पहिलीतल्या एका चिमुरडीने हात वर केला. "बाई, योग्य ठिकाण म्हणजे कुठे?" गाण्याच्या बाईंनी भाता मारला. पेटी नुसती धापा टाकत राहिली.

मित्रांनो, आपले आत्मवृत्त संपवताना जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, आमची धूळ झटका. मी तसे म्हणणार नाही. माझी धूळ राहू द्या. रंग उडाला तरी उडू द्या. हवे तर मला उतरवा आणि पुन्हा दार करा, मी आनंदाने करकरेन. पण जोवर मी भिंतीवर आहे, तोवर मला नुसते म्हणू नका. माझ्यावर काय लिहिले आहे ते मला दिसत नाही. ते तुमच्या वागण्यातूनच मला कळायचे असते.

आणि तुम्ही. तिचे काय करायचे ते ठरवणारी बैठक अजून व्हायची आहे, मुलगी अजून घरी आहे, तिच्या जागेवर बाकात कोणी बसत नाही. ती प्रार्थनेच्या हॉलमध्ये, देवासमोर, सगळ्या शाळेसमोर, तुम्ही सांगितले म्हणून खरे बोलली. ते जर योग्य ठिकाण नव्हते, तर दुसरे कुठले आहे? ऑफिस? बंद दाराआड? घर? मला गोल गोल उत्तर नको. जे बोट माझ्याकडे दाखवलेत तेच बोट उचला आणि दाखवा. कुठे आहे ते ठिकाण?