जनावर मरेल की राहील

त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या माहेरी, असोद्याला, माझ्यावरच पैज लागली. लोक घड्याळ लावतात, अंगठी लावतात, कोंबडा लावतात. माझ्या वडिलांनी, आबांनी, आणि नवऱ्यानं मला लावलं. आणि पैज कशावर, तर शुक्रवारी जळगावला लागणाऱ्या जपानी सिनेमातलं जनावर शेवटी मरतं की जगतं यावर!

कारण ऐका, म्हणजे हसू येणार नाही. आदल्या वर्षी सासरी, शिरपूरकडे, कपाशीच्या पऱ्हाट्यांचे भारे वाहता वाहता पाचव्या महिन्यात माझं मूल गेलं. सासू म्हणाली, "व्हस असं." होतं म्हणे असं. बस, एवढंच. या वर्षी मला पुन्हा चौथा महिना लागला होता. आखाजीला माहेरी आले तीच ठरवून, की बाळंत झाल्याशिवाय तिकडे पाऊल टाकायचं नाही. पण सासू काय कच्च्या गुरूची चेली नव्हती. मला न्यायला तिनं नवऱ्याला पाठवलं, झुलालला. नाव घेतेय, घेऊ द्या. आणि त्याच्यावर पहारा म्हणून चुलत सासरे पंडितनाना. निरोप असा, की सातव्या महिन्यात रीतसर माहेरी पाठवू, तोवर घरातलं काम कोण करणार?

आमचे आबा, कौतिक आबा, केळीच्या बागेत मजुरांवर ओरडले तर आवाज पाटापर्यंत जायचा. जावयापुढे मात्र मूग गिळून बसायचे. जावयाला तोंडावर 'नाही' म्हणणारा बाप आमच्या गावात अजून जन्माला यायचा होता. मी माईला म्हटलं, आबांना बोलायला सांग. माय, म्हणजे झुंबरबाई, नुसती पुरणपोळ्या लाटत राहिली.

आमच्याकडे आखाजीला चार-आठ दिवस पत्ते चालतात. पोलीससुद्धा त्या दिवसांत पारावरून मान वळवून जातो. आणि आखाजीच्या डावावर दिलेला शब्द कुणी फिरवला, तर पुढच्या आखाजीला त्याला कुणी डावात घेत नाही. म्हणून जे एरवी तोंडातून निघत नाही, ते बाप्ये लोक त्या डावावर बोलून घेतात.

आमच्या ओट्यावर डाव बसला होता आणि गप्पा चालल्या होत्या त्या सिनेमाच्या. गावच्या बसस्टँडवर पोस्टर लागलं होतं. जळून राख झालेलं शहर, फाटक्या लष्करी कोटातली उपाशी माणसं, आणि त्यांच्या मागे समुद्रातून वर आलेलं डोंगराएवढं जनावर. खाली हिंदीत लिहिलेलं, की लढाई संपली होती, तेव्हा हे आलं. त्या चित्रावरून सगळा गाव सिनेमाचा शेवट लावत बसला होता.

गावातले चुडामण आबा लढाईत ब्रह्मदेशात मिलिटरीचा ट्रक चालवून आलेले. ते म्हणाले, "लढाई सरली का बंदुका जमा करून घेता. खायाले दाना नही. ते लोकं काय जनावर मारतीन?"

पंडितनाना हसले. "शिनेमावाला बावळा शे का? समदा शिनेमास्मा शेवटले वाईट मरस."

तेवढ्यात झुलालनं पत्ता आपटला. "जनावर मरी! मी सांगस. लावा काय लावनं ते!"

आमच्या आबांचा हात तसाच थांबला. मी दाराआड होते, मला त्यांचा चेहरा दिसला. ते खाली बघत म्हणाले, "मंग मी लावतो. जनावर मेलं तं प्रमिलाले घेऊन जाय. जित्तं राह्यलं तं पोरगी बाळंत होईपावतर इथंच राहीन."

झुलालनं पंडितनानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "लाव. शिनेमा देखीसनच जाऊत." आणि लागली पैज.

मी मागच्या दारी जाऊन भिंतीला डोकं टेकलं. आबांचा राग आला, नवऱ्याचा तर त्याहून जास्त. मरी म्हणे! एवढ्या हौसेनं! आपलंच एक लेकरू गेलं, त्याला वर्ष झालं नव्हतं.

शुक्रवारला अजून चार दिवस होते. बुधवारी माय मला जळगावला डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तपासून सांगितलं, की हिनं कळशीसुद्धा उचलायची नाही, पडून राहायचं. बाहेर आल्यावर मी माईला ओढत टॉकीजपाशी नेलं. तिथं काचेमागे सिनेमाचे फोटो लावलेले असतात. एका फोटोत जनावर किनाऱ्यावर आडवं पडलं होतं आणि त्याच्या पाठीवर दोर घेऊन माणसं उभी होती.

"मेलेलं हाये का झोपलेलं?" मी विचारलं.

"तुले येड लागलं का?" माय म्हणाली. पण तीही काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "डोळे मिटलेले हायेत."

शुक्रवारी तीनचा खेळ. बाईंनी पडून राहायला सांगितलं होतं, पण त्या दिवशी घरी थांबणं मला जमलं नसतं. बायकांची बाजू वेगळी, मध्ये लाकडी कठडा. पलीकडे आबा, नाना, चुडामण आबा आणि झुलाल. जनावरानं पूल मोडला, आगगाडी उचलली, लोक शिट्ट्या मारत होते. मी पदराचं टोक दातात धरून बसले होते. मग फोटोतला किनारा आला. जनावर धाडकन पडलं. टॉकीज दणाणलं. नानांनी उठून झुलालच्या पाठीत थाप मारली. माईनं माझा हात घट्ट दाबला.

माणसं जनावराच्या पाठीवर चढली, दोर टाकून त्याची लांबी मोजू लागली. तेवढ्यात त्याचं पोट हललं. ते झोपलं होतं. सगळे खाली उतरले, पण कुणी बंदूक मागितली नाही. एक म्हातारी म्हणाली, की पुरे झाली लढाई. मग लोकांनी उरलीसुरली भांडी डोक्यावर घेतली आणि डोंगरावर जाऊन नवी घरं बांधली. खाली किनाऱ्यावर जनावर श्वास घेत पडलेलं, आणि सिनेमा संपला.

"हे काय? पैसे परत करा!" लोक ओरडत होते. मी मात्र ढसाढसा रडत होते. कठड्यापलीकडून आबा माझ्याकडे बघत होते, त्यांचेही डोळे भरले होते.

स्टँडवर आलो. पंडितनाना कपाळावर आठ्या घालून शिरपूरच्या गाडीची चौकशी करायला गेले. आबा आणि माय असोद्याच्या बसकडे सरकले. झुलाल माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मी हाऊ शिनेमा धुळाले देखेल शे. आखाजीना आधी."

मला कळेना. "म्हंजे जनावर जगतं, हे तुमाले माहीत व्हतं?"

"व्हतं."

"मंग मरी काहून म्हनले?"

"माले हारनंच व्हतं. आबा तुलेच लावतीन असं माले वाटनं." त्यानं नाना गेले त्या दिशेला पाहिलं. "मी सांगतू तरी माय मानती नही. नानासमोर पैज हारनू, आते मानी."

"आन मले काहून नही सांगलं?"

"तू घाबरनी नसती, ते नानाले संशय येता."

आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. या माणसाला माझी काळजी होती, पोटातल्याची होती. मग मात्र संताप आला. चार दिवस मला जिवंत जाळलं, कशासाठी, तर आईपुढे तोंड उघडायला लागू नये म्हणून!

मी म्हटलं, "मायले पैज हारलो असं नका सांगू. सांगा, का पहिलं लेकरू भारे वाहून गेलं, म्हनून बायकोले मीच ठेवून आलो. एवढं एक वाक्य सांगा. मंग बाकी कायी मांगनार नही."

तो काही बोलणार होता, तेवढ्यात शिरपूरची गाडी लागली. नाना आत चढून खिडकीत बसले, हा त्यांच्या शेजारी. गाडी चालू झाली तेव्हा नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय रे, तुनी मायले आते काय सांगशी?"

झुलालनं माझ्याकडे पाहिलं. चांगलं बघून घेतलं. मग मान खाली घालून म्हणाला, "काय सांगनं? पैज हारनू."

नाना हसले, गाडीतले दोघं-तिघं हसले. गाडी वळली तेव्हा त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. मी माझा हात पोटावरून उचलला नाही.