मास्तरांचं माप

"वजन खरं सांगा, डॉक्टर. इथे लाजून चालत नाही."

दाताचे डॉक्टर अठ्ठ्याहत्तर म्हणाले. मी पायानेच काटा पुढे सरकवला. ब्याऐंशी भरले. समुद्रावर पतंगाच्या ओढीने फळीवरून पळायचा हा खेळ. पतंग केवढा घ्यायचा हे वाऱ्यावर आणि माणसाच्या वजनावर ठरतं; वारा जोराचा किंवा माणूस हलका, तर पतंग लहान. आणि वजनाच्या बाबतीत माझी सगळी गिऱ्हाइकं थापा मारतात. सगळी कमीच सांगतात.

किनाऱ्यावरची शेड आम्हा बहीणभावाची. दादा शिकवतो, म्हणून लोक त्याला मास्तर म्हणतात. मी पतंग आणि फळ्या भाड्याने देते.

त्या दिवशी वाऱ्याचा काही नेम नव्हता. सकाळी जोर आला म्हणून मी नऊ मीटरचे पतंग आणि अरुंद फळ्या वाटल्या, तर तासाभरात वारा पडला आणि मंडळी कमरेएवढ्या पाण्यात म्हशींसारखी उभी. मग बाराचे मोठे पतंग आणि दाराएवढ्या रुंद फळ्या काढल्या. तेवढ्यात पुन्हा झोत सुरू. मी बसत होते, उठत होते, उगाचच बाहेर जाऊन निशाणाकडे बघून येत होते. पण खरं सांगायचं तर माझं चित्त वाऱ्यामुळे उडालेलं नव्हतं.

सकाळी दादाने नऊचाच पतंग घेतला होता. त्याच वाऱ्यात, तेवढ्याच पतंगावर डॉक्टर मजेत येरझारा घालत होते आणि दादा मात्र नुसता फरपटत होता. दोघांचं वजन सारखं. मास्तर घेतील तो पतंग घ्यायचा, हे डॉक्टरांचं वर्षानुवर्षांचं शास्त्र. दादा लवकर बाहेर आला आणि वाऱ्याला शिव्या देत वाळूत बसून राहिला. गेले काही महिने तो साखर सोडल्याचं सांगत होता. या वयात कुणाला दाखवायला बारीक होतोयस, म्हणून मी त्याची टिंगलही केली होती. वहिनीला विचारलं तर तिने घाईघाईने विषय बदलला. कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुपारी वारा चांगलाच वाढला. दादाने पुन्हा नऊचाच पतंग फुगवला. पतंग उडवायला दुसरं माणूस लागतं. उडवणारा दोऱ्यांच्या टोकाला उभा राहतो, दुसऱ्याने पतंग उभा धरायचा आणि उडवणाऱ्याने अंगठा दाखवला की सोडायचा. दादासाठी हे काम माझं.

त्याने अंगठा दाखवला. मी सोडला नाही.

त्याने पुन्हा दाखवला, मग ओरडला. मी पतंग पालथा घातला, उडू नये म्हणून वर वाळू टाकली आणि त्याच्याकडे चालत गेले.

"दादा, वजन किती तुझं?"

"ब्याऐंशी. तुला माहीत नाही का?"

वजन वाढवून सांगणारं हे माझं पहिलंच गिऱ्हाईक. पतंग अडकवायचा कमरेचा पट्टा त्याने शेवटपर्यंत आवळला होता, तरी माझा अख्खा पंजा आत गेला.

"झोत आला की हा पतंग तुला उचलून खडकावर आपटेल. चल, काट्यावर उभा राहा."

"काटा नको," तो म्हणाला. "सदुसष्ट. पोटात गाठ निघालीय. सोमवारी ऑपरेशन आहे. तू शेड बंद करून रडत बसशील, म्हणून नाही सांगितलं."

आधी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मग आज नको जाऊस म्हटलं.

"सोमवारनंतरचं मला काही माहीत नाही गं. आज वारा आहे."

मी हट्ट धरला असता तर तो थांबला असता. लहानपणापासून शेवटी माझंच ऐकतो. पण असा ऐकून, पट्टा सोडून, गुपचूप शेडमध्ये येऊन बसलेला दादा मला बघवला नसता.

मी आत गेले आणि सातचा पतंग घेऊन आले. तो मी कॉलेजच्या मुलींना देते. दादाने तो पाहिला. दोऱ्या स्वतःच जोडल्या. मग एवढंच विचारलं, "आणि फळी?"

"छोटी घे. मोठी तुला आवरायची नाही."

एरवी त्याने तासभर वाद घातला असता. आज निमूटपणे घेतली.

त्याने अंगठा दाखवला. मी एक झोत जाऊ दिला आणि पतंग सोडला.

छान गेला. पाठ ताठ, फळी पाण्याला जेमतेम टेकलेली. मी तशीच बघत उभी होते, तेवढ्यात डॉक्टर बाराचा पतंग ओढत, धापा टाकत बाहेर आले. एवढ्या वाऱ्यात हा काही आवरत नाही म्हणाले, आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "मास्तरांनी कितीचा घेतलाय?"

"नऊचा."

डॉक्टरांनी कपाळावर आडवा हात धरून वर पाहिलं. "जरा लहान वाटतोय."

"वर गेला की लहानच दिसतो," मी म्हटलं आणि त्यांच्यासाठी नऊचा काढायला आत गेले.