तिच्या मापाचं स्टूल

सुतार स्टूल घेऊन मेव्हणीच्या घरी निघाला, तेव्हा मदत करणं हा त्याच्या मनातला दुसरा हेतू होता. पहिला वेगळाच होता. त्याला मेव्हणीच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं, की तुमची बायको खरंच आजारी होती.

बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. त्याआधी बरीच वर्षं ती थकलेली होती. दिवसभर राबून माणूस थकतो तशी नव्हे, तो थकवा झोपेनं जातो. हिचा झोपून उठली तरी तिथंच असायचा, उशाशी बसून राहिल्यासारखा. एका साध्या तापानंतर हे सुरू झालं. रक्त तपासलं, छाती तपासली, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी व्यायाम वाढवा म्हटलं, दुसऱ्यांनी मन रमवा. तिच्या सख्ख्या मोठ्या बहिणीनं, म्हणजे याच मेव्हणीनं, तिला सरळ नावच ठेवलं, महाराणी.

शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, याला क्रॉनिक फटिग सिंड्रोम म्हणतात. मुळातून बरं करणारं औषध अजून नाही. झोपेला, अंगदुखीला गोळ्या देता येतात. बाकी शिकायचं ते एवढंच, की दमायच्या आधी थांबायचं. ताकदीबाहेर काही केलं तर दणका बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसतो, आणि तो बघायला घरात कुणी पाहुणा नसतो.

ते खरंच होतं. मेव्हणीच्या मुलीच्या लग्नात बायको संध्याकाळभर हसत उभी राहिली आणि नंतर कित्येक दिवस पडदे ओढून पडून होती. तेव्हा मेव्हणीचा फोन आला होता, लग्नात तर चांगली मिरवत होतीस.

मग सुतारानं ते स्टूल केलं. ओट्यापाशी बसून भाजी चिरता यावी म्हणून उंच, पाठीला टेकू, आणि पाय लोंबू नयेत म्हणून खाली आडवी पट्टी. मेव्हणीनं ते पाहिलं आणि म्हणाली, घ्या, आता सिंहासनही आलं. सगळे हसले. बायकोही हसली. तिचं ते हसणं त्याला अजून विसरता येत नव्हतं.

गेली ती दुसऱ्याच दुखण्यानं. पोटात दुखतं म्हणायला लागली, तर ते थकव्यातलंच आहे असं ठरलं. जो आजार आधी कुणी मानत नव्हतं, त्याच्यावरच आता सगळं ढकलत होते. गाठ सापडली तेव्हा उशीर झाला होता.

आणि आता मेव्हणीला ताप येऊन गेला होता, महिने उलटले तरी ती उठत नव्हती. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे साडूनं, सुताराला बोलावलं होतं. दारही त्यानंच उघडलं.

"या साडूभाऊ. महाराणी आत पहुडल्या आहेत."

शब्द कुठून आला हे विचारायची गरज नव्हती. घरातलाच होता.

मेव्हणी भिंतीकडे तोंड करून पडली होती. सुतार बसल्यावर हळूहळू सांगायला लागली. परवा बरं वाटलं म्हणून तिनं सगळी कपाटं आवरली, आणि आज संडासला जाताना भिंत धरावी लागली. आणि नवरा म्हणतो, परवा तर चांगली धावत होतीस.

आता ते वाक्य येईल, सुताराला वाटलं. आपलेच शब्द आपल्या कानांवर पडल्यावर माणूस दुसरं काय म्हणेल?

"भाऊजी, यांना तुम्ही समजावा," मेव्हणी म्हणाली. "यांना वाटतं मी तिच्यासारखीच नाटकं करते. तिचं वेगळं होतं हो. मला खरंच होतंय."

महाराणी, सिंहासन, सगळं सुताराच्या जिभेवर आलं होतं, वर्षभर धार लावून ठेवलेलं. पण एवढं बोलूनच तिला धाप लागली आणि तिनं डोळे मिटले. डोळ्यांखाली बायकोच्या होत्या तशाच काळ्या कडा होत्या.

त्यानं साडूला आत बोलावलं आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. कपाटं आवरणं बंद, म्हणाला. बरं वाटेल त्या दिवशीही निम्मंच काम.

"आणि तो शब्द बंद."

"अहो, थट्टेत म्हणतो."

"आमच्याकडेही थट्टेतच होता."

मेव्हणीनं ते ऐकलं असणार. डोळे उघडले नाहीत.

थोड्या वेळानं दोघांनी तिला धरून ओट्यापाशी नेलं, स्टुलावर बसवलं. ती बायकोपेक्षा बुटकी. पाय पट्टीला पोचेनात, आणि इथला ओटाही फार खाली पडला.

"पट्टी वर घ्या आणि चारही पाय कापून टाका थोडे," साडू म्हणाला. "आता तिला काय उपयोग त्याचा?"

सुतारानं खिशातून टेप काढली. मेव्हणीच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं, ओट्याची उंची घेतली. नवं करून आणतो म्हणाला.

"हेच कापलं तर आजच झालं असतं," मेव्हणी म्हणाली.

"हे तिच्या मापाचं आहे, ताई."

ती पलंगावर आडवी होईपर्यंत तो थांबला, मग स्टूल उचलून जिना उतरला.

नवं त्यानं चांगल्या लाकडाचं केलं. टेकू, पट्टी, कुठंही कसर ठेवली नाही. मेव्हणी आता त्यावर बसून जमेल तेवढी भाजी चिरते, आणि घरी कुणी आलं की सांगते, भाऊजींनी माझ्यासाठी खास करून दिलं. आजारी माणसाला असं लागतं.