नमस्कार, शामराव

ठण्ण! दुधाच्या पातेल्यावरची झाकणी ओट्यावरून घसरली, फरशीवर आपटली, गोल गोल फिरत राहिली आणि थरथरत एकदाची आडवी झाली. रविवारची सकाळ होती, घर चिडीचूप होतं. तो आवाज फाटकापर्यंत गेला असेल.

चेतनानं डोळे मिटून घेतले आणि वाट पाहिली. मेथी निवडणाऱ्या तिच्या सासूबाईंचे, मायाबाईंचे हात थांबले. चार वर्षांची इरावती भिंतीवर खडूनं हत्ती काढत होती, तो सोंडेशीच अडला. तिघींचे कान समोरच्या खोलीकडे लागले. तिथे सासरे देवीदास पेपर वाचत बसले होते.

एरवी झाकणीचं फिरणं थांबायच्या आत तिकडून गर्जना झाली असती, "कोन भैताड आहे बे तिकडे? घर पाडता का?"

पेपर खाली आला. देवीदासांच्या मिशा हलल्या, तोंड उघडलं, आणि उघडलं तसंच मिटलं. घसा साफ करून ते एखाद्या पाहुण्यासारखे म्हणाले, "झाकण पडलं वाटते."

"गेला," मायाबाई मेथीच्या जुडीला म्हणाल्या. "मानूस कामातून गेला."

आणि हे आपलंच कर्तृत्व आहे, हे चेतनाला पुरतं ठाऊक होतं.

झालं होतं असं. आठ दिवसांपूर्वी शंकर नगरच्या बालवाडीतून इरूला आणायला ती गेली, तेव्हा टीचरनं तिला हळूच बाजूला घेतलं. टीचर म्हणजे नुकती कॉलेजातून निघालेली गोड मुलगी, इथल्या साऱ्या शहरासारखी हिंदी बोलणारी.

"दीदी, बुरा मत मानना, ये भैताड क्या होता है?"

चेतना घाईघाईनं म्हणाली, "ऐसे ही... मतलब, बुद्धू टाइप."

"आज मैंने इरावती के जूते उल्टे पहना दिए थे. तो हँस के बोलती है, टीचर, भैताड हो का?" टीचरचा चेहरा एवढासा झाला होता. "सुनने में बहुत गंदा लगता है, दीदी. बाकी बच्चे भी सीख गए."

आता भैताड म्हणजे काय? वेडपट, बावळट, डोकं घरी विसरून आलेला माणूस. त्यात कुणाची आई नाही, बहीण नाही, अंगाचा कुठला भाग नाही. नागपूर-वर्ध्याकडे लोक तो शब्द चहात साखर घालावी तसा बोलण्यात घालतात. पण हिंदी कानाची अडचण अशी, की 'भ' ऐकला की तो पुढचं ऐकायला थांबतच नाही.

आणि खरं सांगायचं तर चेतनाचा कानही काही निराळा नव्हता. तिचे वडील सरकारी कचेरीत बाबू होते. त्यांच्या घरात 'गाढव' ही शेवटची पायरी, तीही वर्षातून एकदा. वडील म्हणायचे, "आपल्या तोंडून एक वावगा शब्द कधी निघतो, याची वाट पाहत बसलेले असतात लोक. आपण त्यांना तसंच बसवून ठेवायचं." हे ऐकत वाढलेली चेतना लग्न होऊन या घरी आली. पहिल्याच सकाळी सासऱ्यांनी तिच्या हातचा चहा प्यायला आणि ते सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडले, "कोन्या भैताडीनं केला बे हा चहा? एकदम फस्टक्लास!" ती न्हाणीघरात जाऊन रडली होती. मायाबाईंनी दाराबाहेरून समजूत घातली, "अवं, म्हनू दे. ज्याले म्हनत नाही त्यानं रडावं."

सहा वर्षांत तिला सवय झाली. पण सवय होणं वेगळं आणि टीचरचं ते एवढंसं तोंड पाहणं वेगळं. त्याच संध्याकाळी तिनं सासऱ्यांना चहा दिला, पदर नसताना पदर सारखा केल्यासारखं केलं आणि म्हणाली, "बाबा, इरूसमोर तेवढा तो शब्द... शाळेत बोलून राहिली ती."

तिला वाटलं होतं ते चिडतील, नाहीतर हसण्यावारी नेतील. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं."

आणि तेव्हापासून घरात फक्त 'बरं' होतं. बरं, हो, नको, वाढा थोडं. देवीदास सव्वीस वर्षं सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होते. तिथे इतका दणका असायचा की हाक मारली तर नाव पोचत नसे, शिवी तेवढी पोचायची. त्यांचं अख्खं बोलणं त्या एका शब्दावर उभं होतं, स्टँडवर सायकल उभी असते तसं. स्टँड काढला, सायकल आडवी.

क्रिकेटची मॅच ते आता हाताची घडी घालून बघत. भाजीवाल्याला "भैया, टमाटे कैसे दिए?" असं विचारलं, तर भाजीवाल्यानं चेतनाला गुपचूप विचारलं, "अंकलजी की तबीयत तो ठीक है ना?" इरूला त्यांनी पोट्टी, म्हणजे साधं पोरगी, म्हणणंही सोडलं, न जाणो, तेही टीचरला घाण वाटायचं. परवा ते तिला "ये बाळ" म्हणाले, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी बाळ नाही, मी पोट्टी हो!" आणि मग आईपाशी येऊन, "मम्मी, आबा बीमार है क्या?"

नवरा धम्मदीप रेल्वेत, ड्यूटीवर दुर्गला. त्याला फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला. "रहने दे ना यार, दो दिन में ठीक हो जाएंगे." दोनाचे आठ झाले. मायाबाई म्हणाल्या, "पस्तीस वर्षं मीच म्हनत होती, सोडा, सोडा. आता सुटलं तर घर दवाखान्यावानी झालं. म्हातारा असाच मुका राह्यला तर मी काय भिंतीशी भांडू?" चेतना दोनदा सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली, पण म्हणणार काय? बाबा, शिव्या द्या ना?

तर त्या झाकणीच्या रविवारी, साडेअकराच्या सुमारास, फाटकाशी स्कूटर थांबली. शामराव आले होते. हे देवीदासांचे भट्टीवरचे जोडीदार, राहायला बिरगावला. एरवी ते गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवत, "जित्ता आहे का बे म्हातारा?" असं बोंबलत येत. आज हॉर्न नाही, बोंब नाही. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेरूंची पिशवी, आणि चेहरा दुखवट्याला आल्यासारखा.

"देवीदासजी आहेत का घरी?" त्यांनी चेतनाला विचारलं.

देवीदासजी! चेतनानं मागे वळून पाहिलं, आणखी कुणी देवीदास आहेत की काय.

"या, शामराव," देवीदास उठून उभे राहिले. "बसा."

"तुम्ही बसा आधी."

"नाही, नाही, तुम्ही."

दोघं एकदमच बसले. इरू दोघांच्या मधोमध मांडी घालून बसली आणि टीव्ही बघावा तशी आळीपाळीनं दोघांकडे बघू लागली.

"पानी घेता का?"

"थोडं."

"घरी सगळे बरे?"

"बरे."

पंखा फिरत होता. मायाबाई स्वयंपाकघरात चेतनाला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "पोरगी पाहाले आल्यावानी काहून बसले हे दोघं? चहा टाक, नाहीतर रडतीन."

चेतनानं चहा टाकला, आणि तेवढ्यात बाहेर शामरावांचा बांध फुटला.

"माह्यं काय चुकलं, ते एक डाव सांगून टाक!"

"काहीच नाही चुकलं."

"मंग मंगळवारी फोनवर काय म्हनला मले?" शामराव आता चेतनाला साक्षीला बोलावू लागले. "सूनबाई, इकडं ये. तू सांग. मी फोन केला, तर हा म्हनते, नमस्कार शामराव, कसे आहात! मी फोन उलटा करून पाह्यला, नंबर चुकला का म्हनून. आहात! इतक्या वर्षांत यानं मले कधी आहात नाही म्हटलं. पाच दिस झाले, घास नाही गेला घशाखाली. माही बायको म्हनते, तुम्हीच काही बोलले असान त्याइले."

"काका, तसं काही नाही, ते मीच..." चेतना पुढे झाली, पण शामराव थांबायच्या तयारीत नव्हते.

"तुले माहीत नाही पोरी. आहात अन् जी कोन म्हनत होतं याले? हापिसातले ते दोघं-तिघं. लय सभ्य. तोंडात कधी शिवी नाही. कँटीनमध्ये याचा गिलास वेगळा, खिडकीत पालथा ठेवलेला. 'देवीदासजी, आपका वो वाला है.' गोड आवाजात! मी नवीन होतो. भट्टीवरून आलो, तहान लागली, समोर दिसला तो गिलास घेतला अन् घटाघटा पानी पेलो. हा पाहतच राह्यला. मंग म्हनते, भैताडा, तो माहा गिलास होय. मी म्हटलं, मंग? गिलासाले काय तुह्यं नाव कोरलं आहे? अन् पुन्हा भरून पेलो." शामरावांनी नाक ओढलं. "त्या दिवसापासून मी भैताड. मी काही लहानसहान भैताड नाही, सूनबाई. अन् आता हा मले नमस्कार घालून राहिला!"

चेतनाच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. सहा वर्षांत ही गोष्ट तिच्या कानावर आली नव्हती. तिनं मायाबाईंकडे पाहिलं. त्या मेथीच्या काड्या गोळा करत होत्या, आणि मान वर करत नव्हत्या.

"बाबा," चेतना म्हणाली, "बोला ना त्यांच्याशी. नेहमीसारखं."

देवीदासांनी मान हलवली. डोळे पाण्यानं भरले होते, पण जबडा घट्ट होता. "तुले शब्द देला ना," ते म्हणाले. "अन् ते पोट्टी..." ते थबकले. "बाळ ऐकून राहिली."

"मी परत देते तो शब्द."

"असा परत नाही घेता येत." म्हातारा हट्टाला पेटला होता. मुकेपणालाही हट्ट लागतो.

"ठीक आहे," शामराव उठले. पेरूंची पिशवी त्यांनी जपून टेबलावर ठेवली. "चलतो मी, देवीदासजी. तब्येत सांभाळा."

"तुम्ही बी सांभाळा."

शामराव चपला घालू लागले. एक चप्पल सापडली, दुसरी इरूच्या सायकलखाली गेली होती; वाकून ती काढताना त्यांची पाठ एकदम म्हाताऱ्याची दिसली. ते फाटकाबाहेर गेले. स्कूटरची किक बसली. एक. दोन. देवीदास खुर्चीचा हात धरून बसले होते, बोटं पांढरी पडली होती, पण उठत नव्हते. तिसऱ्या किकेला स्कूटर सुरू झाली.

आणि बाबूंच्या घरात वाढलेली, गाढवापलीकडे न गेलेली चेतना हातात गाळणं घेऊन, तशाच अवतारात फाटकापर्यंत धावली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"अहो, भैताड हो का दोघंही? चहा टाकला ना मी!"

स्कूटर बंद पडली. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई खाली वाकली. चेतनानं जीभ चावली, पण ती आता उशिरा चावून उपयोग नव्हता.

आधी हसल्या त्या मायाबाई. मग खुर्चीतून एक विचित्र आवाज आला. देवीदास खोकत होते की रडत होते की हसत होते, कळेना. मग ते उठले, दारात येऊन उभे राहिले, आणि आठ दिवसांचं साचलेलं एकदम वाहू लागलं.

"ऐकलं का बे शामऱ्या! सुनेनं म्हटलं, सुनेनं! ये भैताडा, ये आत, फुटक्या बेरिंगच्या! इस्त्री करून आला, कोन मेलं बे? अन् पेरू आनले का दगडं? हा पेरू आहे का बे? यानं खिडकी फुटते!"

"तुह्याच डोक्यावर फोडतो, भैताड!" शामराव चपला न काढताच आत शिरले, आणि कुणी त्यांना काढा म्हणालं नाही.

चहा झाला, पुन्हा झाला. दगडासारखे पेरू मीठ-तिखट लावून संपले. मॅच लागली आणि अंपायरच्या सात पिढ्या नसल्या तरी त्याच्या चष्म्याचा मात्र उद्धार झाला. घर पुन्हा बोलू लागलं होतं.

चेतनानं इरूला ओट्यावर बसवलं. हे आत्ताच सांगून टाकायला हवं होतं. "हे बघ राणी, तो शब्द आपल्या घरातला आहे. आपल्या माणसांपुरता. शाळेत नाही."

इरूनं पेरूची फोड चोखत विचार केला. "म्हणजे जो अच्छा लगता है, त्यालेच म्हणायचं?"

"हं. तसंच काहीसं."

"टीचर मले अच्छी लगती है."

चेतनाला हसू फुटलं. "टीचरला नाही म्हणायचं. टीचरला कळत नाही आपली भाषा. तिला वाईट वाटतं ना?"

"हव," इरू म्हणाली. हे तिला पटलं. ती पाय हलवत बसली. बाहेर दोन्ही म्हातारे एकमेकांवर ओरडत होते, आणि चेतना कपबशा विसळत होती, हात हलके झाले होते. उद्या टीचरला काय सांगायचं, ते ती मनात जुळवत होती. हिंदीत सांगायचं, सगळं नाही, थोडंसं. टीचर हसेल बहुतेक.

"मम्मी."

"काय ग?"

"शामराव आबांनी पानी पेलं, तो गिलास."

"हं?"

"ते लोक आपल्या आबाचा गिलास वेगळा काहून ठेवत होते?"