पाहुण्यांची जॉयस्टिक

मी पाहुण्यांची जॉयस्टिक बोलतेय. आधी हात पुसून घ्या, मग मला धरा. नवीन माणसाच्या तळहाताला घाम येतोच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तो घाम शेवटी माझ्या अंगात मुरतो आणि मग माझी बटणं अडकतात. आजकाल मला फार सोसत नाही, म्हणून तोंड उघडलं.

मी म्हणजे एक लाकडी खोका. डाव्या हाताला दांडा, उजव्या हाताला बटणं. दांडा पुढे केला की पडद्यावरचा लढवय्या पुढे सरकतो, मागे ओढून धरला की समोरच्याचा मार अडवतो, बटणं दाबली की लाथाबुक्क्या सुरू. दोघांनी शेजारी शेजारी बसायचं आणि पडद्यावर एकमेकांना बडवायचं, एवढाच खेळ. ऐकायला सोपा वाटतो. खेळायला बसलात की ब्रह्मांड आठवतं.

माझा जन्म कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये झाला. लॅब काकांची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात आणि काका त्यावर मेण लावून, दात बसवून, घासूनपुसून कवळी तयार करतात. एका जुन्या टेबलाचा ड्रॉवर मोडीत निघाला होता, त्याचं माझं अंग झालं. दांड्यावर बसवायला गोळा मिळेना. तेव्हा हिरड्यांसाठी आणलेला गुलाबी मसाला उरला होता, तोच ओतून काकांनी माझा गोळा घडवला. आतल्या खोलीतून काकू आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "शी! हिरडी काय बसवलीत दांड्यावर?"

तो रंग मला अजून चिकटलेला आहे. येणारा प्रत्येक जण आधी हसतो, मग मला हातात घेतो. सवय झाली.

काकांना या खेळाचं वेड तरुणपणापासून. पण मला विचाराल तर खेळ हे निमित्त होतं. आठवडाभर हा माणूस एकटा बसून काम करायचा. टेबलावर दातच दात, आणि बोलणारं तोंड एकही नाही. म्हणून रविवारी दुपारी लॅबच्या पुढच्या खोलीत त्यांनी माणसं बोलवायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे आपापली जॉयस्टिक होती ते ती घेऊन यायचे. जे रिकाम्या हाताने यायचे, त्यांच्यासाठी मी.

रविवार म्हणजे काकांची पळापळ. प्लास्टरचे साचे उचलून कपाटावर ठेवायचे, टेबलं भिंतीला लावायची, पांढरी धूळ पुसायची, आतला टीव्ही छातीशी धरून बाहेर आणायचा, खुर्च्या मांडायच्या, वायरी जोडायच्या. काकू दारात उभ्या राहून म्हणायच्या, "सहा दिवस मान मोडून काम करायचं आणि सातव्या दिवशी लोकांची सरबराई. मान तुमची आहे, शेक मला द्यावा लागतो." आणि मग स्वतःच चहाचं आधण ठेवायच्या.

सुरुवातीला खोली भरायची. मग कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न झालं, कुणाला मूल झालं. उरले ते जुने मुरलेले चार जण. त्यातला सगळ्यात तरबेज म्हणजे सुसाट. तो पार्सलची गाडी चालवायचा, आणि पडद्यावरही त्याला ब्रेक ठाऊक नव्हता. मनाने वाईट नाही हो, फक्त त्याला हळू खेळता यायचं नाही.

नवीन माणसं अधूनमधून यायची. मी त्यांच्या हातात असायचे. सुसाटने एकदा हवेत उडवलं की त्यांचा लढवय्या जमिनीवर येईपर्यंत खेळ संपलेला असायचा. माझ्यावरची बोटं आधी घाईघाईने काहीही दाबायची, मग मंद व्हायची, मग नुसती ठेवलेली असायची. चहा संपवून पाहुणे म्हणायचे, "मस्त वाटलं हं. येतो परत." आणि माझी वायर व्यवस्थित गुंडाळून, मला टेबलावर सरळ ठेवून निघून जायचे.

एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट कळली आहे. ज्याला परत यायचं असतं, तो मला कुठेही टाकतो. परत न येणारा माणूस वायर नीट गुंडाळून ठेवतो.

काकू सगळं बघत होत्या. एका रविवारी टीव्ही आत नेताना काकांच्या मानेत चमक भरली, तेव्हा त्यांचा संयम सुटला.

"कुणासाठी चाललंय हे? चार डोकी येतात, तीही आपापसात भांडतात. नवीन कुणी टिकत नाही. एक तरी नवीन माणूस टिकू दे, मी अवाक्षर काढणार नाही. नाहीतर हा पसारा आवरा."

"टिकेल गं," काका मान चोळत म्हणाले. पण त्यांचा आवाज खोल गेला होता. त्यांना धास्तीच बसली. रविवार गेला तर आपण पुन्हा त्या दातांमध्ये एकटे, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं मला दिसत होतं.

मग त्यांनी एक युक्ती काढली. ती दुसऱ्या कुणाला सुचली नसती. नवी कवळी दिली की काका पेशंटला निरोप धाडतात, पहिले काही दिवस मऊ खा. तोच नियम त्यांनी खेळाला लावला. चौघांना बाजूला घेऊन म्हणाले, "पहिल्यांदा येईल त्याला पहिल्या दिवशी मऊ. कळलं ना? तोंडात बसू दे आधी."

"म्हणजे मुद्दाम हरायचं?" सुसाटने विचारलं.

"मुद्दाम नाही रे. जरा... सांभाळून."

सुसाटला सांभाळून खेळता येत नव्हतं, म्हणून त्याने सोपा मार्ग शोधला. तो नेहमीसारखा थोडं मारायचा आणि शेवटी त्याचा लढवय्या हात वर करून एक रिकामी उडी घ्यायचा, अशी की समोरच्याने कुठलंही बटण दाबलं तरी लाथ लागावी. जॉयस्टिक असून मला ती उडी बघवत नव्हती. पण मला कोण विचारतंय?

त्यानंतर आल्या सिस्टर. जवळच्या हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या. ड्यूटी संपवून, पाय सुजलेले, डोळे जड, अशा येऊन बसल्या. "घरी गेले तर झोपेन आणि झोपले तर पुन्हा ड्यूटीच दिसेल, म्हणून आले," म्हणाल्या. त्यांचे हात कोरडे होते, साबणाने सारखे धुतलेले. मला घट्ट धरलं, पण दाबलं नाही. फार दिवसांनी कुणीतरी मला माणसासारखं धरलं होतं.

सुसाटने रिकामी उडी मारली, लाथ बसली, सिस्टर जिंकल्या. खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "मी? मी जिंकले?" काकांनी टाळ्या वाजवल्या. जाताना त्यांनी मला खुर्चीवर तशीच टाकलं, आणि पुढच्या रविवारी त्या परत आल्या. काकांची कळी खुलली. काकूंनी चहात आलं जास्त घातलं.

पण त्याच दिवशी झेरॉक्स मशीन दुरुस्त करणारे एक गृहस्थ पहिल्यांदाच आले. मला त्यांच्या हातात दिलं गेलं. सिस्टर मागच्या खुर्चीवर बसून बघत होत्या. सुसाटने थोडं मारलं. मग हात वर, रिकामी उडी, लाथ. गृहस्थ आनंदाने ओरडले.

"तीच उडी," मागून सिस्टर म्हणाल्या. "अगदी तीच. माझ्या वेळचीच."

सुसाट बुटांकडे बघू लागला. त्याला खोटं बोलताही येत नाही.

"गोळी गिळल्याचं नाटक करणारे पेशंट रोज बघते मी," सिस्टर म्हणाल्या. "मला कळायला हवं होतं. गेल्या रविवारी घरी जाऊन मी सगळ्यांना सांगितलं हो, जिंकले म्हणून. माझ्या आईला फोन करून सांगितलं."

काका गडबडले. "अहो, तसं नाही, सिस्टर. नवीन कवळी असली की आम्ही सांगतो ना, आधी मऊ खा..."

"माझे दात शाबूत आहेत, काका."

झेरॉक्सवाल्या गृहस्थांनी मला हळूच मांडीवरून उचलून खाली ठेवलं. सिस्टर उठल्या, वाकल्या, माझी वायर उचलली आणि वेटोळं करून, टोक आत खोचून, मला टेबलावर सरळ ठेवलं. हॉस्पिटलचा हात. इतकी नीट वायर माझी कधी कुणी गुंडाळली नव्हती.

तो आठवडा मी त्या वेटोळ्यात काढला. काका रोज शेजारच्या टेबलावर काम करत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. शनिवारी त्यांनी काकूंना सांगितलं, "उद्या शेवटचा रविवार. चौघांना सांगतो आणि बंद करतो." काकूंना खरं तर हेच हवं होतं. पण त्या नुसतं "बघा" म्हणाल्या आणि त्यांचाही चेहरा उतरला.

रविवारी काकांनी टीव्ही बाहेर आणलाच नव्हता. खुर्च्याही मांडल्या नव्हत्या. चौघे उभ्याउभ्याच चहा पीत होते आणि काका घसा खाकरून सुरुवात करणार, एवढ्यात दार ढकलून सिस्टर आत आल्या. अंगावर युनिफॉर्म तसाच.

"टीव्ही कुठाय?" त्यांनी विचारलं. "आणि तो कुठाय, उडीवाला?"

सुसाट कपाटामागे सरकू पाहत होता.

"बस इथे. आणि खरं खेळ. मला आठवडाभर एकच गोष्ट डाचतेय, की मी किती वाईट खेळते ते मला ठाऊकच नाही. आज मला ते बघायचंय."

टीव्ही आला. वेटोळं सुटलं. आणि मग सिस्टरांनी जो मार खाल्ला तो मी कधी विसरणार नाही. सुसाट सुसाटसारखा खेळला. सिस्टर हरल्या. पुन्हा हरल्या. उठून उभं राहण्याआधीच आडव्या व्हायच्या. काकांना बघवेना, ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. माझ्यावरची बोटं मंद होण्याची मी वाट बघत होते. मला तो क्षण पाठ आहे.

बोटं थांबली. पण सिस्टरांनी मला खाली ठेवलं नाही. सुसाटकडे वळून विचारलं, "का?"

"का म्हणजे?"

"का हरले मी? आत्ता. सांग."

सुसाटला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्याने डोकं खाजवलं. "तुम्ही ना, पडून उठताना दरवेळी बटण दाबता. मला ठाऊक असतं, दाबणारच. म्हणून मी थांबतो आणि मग मारतो."

"मग काय करू?"

"काहीच करू नका. दांडा मागे ओढून गप्प बसा."

पुढच्या खेळात सिस्टर पडल्या. उठताना त्यांची बोटं बटणांवर शिवशिवली, ती थरथर माझ्या लाकडाला जाणवली. पण त्यांनी दाबलं नाही. माझा गुलाबी गोळा मागे ओढला आणि धरून ठेवला. सुसाटची लाथ आली आणि अडली.

"अगदी अस्सं!" सुसाटच आधी ओरडला. मग सगळेच ओरडले. काका खिडकीपासून धावत आले. त्या गलक्याने काकू हातातलं पातेलं घेऊनच बाहेर आल्या.

"जिंकली?"

"नाही, हरली!" काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"हरली? मग बोंबलताय कशाला?"

सिस्टरांना रात्रपाळी होती. घड्याळ बघून त्या ताडकन उठल्या, मला खुर्चीवर टाकलं आणि "पुढच्या रविवारी!" एवढं ओरडून पळाल्या. माझी वायर खुर्चीवरून खाली लोंबत, जमिनीवर पसरली होती. कप गोळा करायला आलेल्या काकूंचा पाय तिच्यात अडकला. त्या धडपडल्या, टेबल धरून सावरल्या. वायरीकडे बघितलं. काकांकडे बघितलं.

आणि अवाक्षर काढलं नाही.

तेव्हापासून या खोलीत मऊ काही मिळत नाही. एकच रीत आहे, जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला एक कारण सांगायचं, आणि तेही त्याला कळेल अशा शब्दांत. सुसाट आता बोलतो. जरा जास्तच बोलतो. झेरॉक्सवाले गृहस्थही परत आले, सिस्टरांनीच त्यांना फोन केला होता. काकांची मान अजून दुखते, काकू अजून शेक देतात. रविवार चालू आहे.

माझं म्हणाल तर माझ्या नशिबात टिकणारं माणूस नाही. जो निघून जातो तो मला सोडून जातो, आणि जो टिकतो तो आपली स्वतःची जॉयस्टिक घेतो. सिस्टरांनाही काकांनी नवी करून दिली. त्यांनी हक्काने एकच गोष्ट मागितली, "गोळा मात्र हाच हवा. माझा हात बसलाय याच्यावर." काकांनी माझा गुलाबी गोळा फिरवून काढला आणि त्या नव्या जॉयस्टिकवर बसवला. माझ्या दांड्यावर दातांच्या मसाल्याचा पांढरा गोळा आला. मी रागावले नाही. पण पहिले काही दिवस दांडा हलका लागायचा, एवढं खरं.

आता माझं एक बटण अडकतं, खोक्याचा एक कोपरा निखळलाय, आणि मी थकले आहे. नवीन हात आला की पुन्हा पहिल्यापासून, तीच घाई, तोच घाम. तरी तुम्ही या. रिकाम्या हाताने या, भरपूर हरा, आणि हरलात की का ते विचारा.

फक्त जाताना माझी वायर गुंडाळू नका.