खडूच्या रेघेतली किटली

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची किटली आहे, आणि खरं सांगायचं तर तुमच्यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. राग मानू नका. संशय माझ्या स्वभावातच आहे. जिला रोज विस्तवावर बसवतात आणि तहान लागली तरच जिच्याकडे बघतात, तिने भाबडं राहायचं तरी कसं?

माझा जन्म एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने पत्रा ठोकून ठोकून माझं गोल पोट घडवलं, पुढे चोच लावली, वर मूठ बसवली आणि आतून कल्हई केली. तिथून मी एका घरच्या स्वयंपाकघरात आले. तिथे आक्कांचं राज्य होतं. आक्का बोलायला फटकळ, पण त्यांचा हात हलका. वीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली पाणी उकळलं. मग एक दिवस माझ्या चोचीच्या सांध्यातून पाणी झिरपू लागलं. "झाली बाई हिची सेवा," आक्का म्हणाल्या, आणि मी भंगारवाल्याची वाट पाहू लागले.

आले मात्र अण्णा. अण्णा म्हणजे आक्कांचे धाकटे भाऊ, घर त्यांचंच. पेशाने चित्रकार, डोक्यावर औषधालाही केस नाही. मला उचलून ते म्हणाले, "काय सुंदर आहे ही!" मित्रांनो, गळक्या किटलीला कुणी सुंदर म्हटलं की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

माझी रवानगी माडीवरच्या खोलीत झाली. तिथे एक मोठी खिडकी होती आणि खिडकीशी टेबल. अण्णांच्या सांगण्यावरून आक्कांनी मला मीठ-लिंबाने घासून लख्ख केलं, आणि अण्णांनी मला टेबलावर राखाडी कापडावर बसवलं. शेजारी अर्धं सोललेलं लिंबू, एक काचेची बाटली आणि चक्क माणसाची कवटी! ती प्लास्टरची होती हे मला फार उशिरा कळलं. मग त्यांनी खडू घेऊन आम्हा प्रत्येकाभोवती कापडावर रेघ ओढली. कुणाचा धक्का लागून वस्तू हलली, तर ती पुन्हा नेमक्या जागी ठेवता यावी म्हणून ही युक्ती. मला तेव्हा हे कुठे ठाऊक? आपल्याभोवती रेघ मारून तासन्‌तास एकटक बघणाऱ्या माणसाचा हेतू काय असेल, या विचाराने मीही त्यांच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली.

अशा चित्राला वस्तुचित्र म्हणतात. चहा घेऊन येणाऱ्या आपल्या सूनबाईला अण्णा त्याच्या गोष्टी सांगत, आणि मी कान देऊन ऐके. फार पूर्वी लोक थडग्याच्या भिंतीवर भाकरी आणि फळं रंगवायचे, म्हणजे मेलेल्याला तिकडे उपास घडू नये. पुढे श्रीमंतांच्या भिंतींवर काचेच्या भांड्यांतली फळं आली. मग विझलेल्या मेणबत्त्या, घड्याळं आणि कवट्या मांडायचा काळ आला. बघणाऱ्याला सांगायचं असे, बाबा रे, हे सगळं सरणार आहे. एवढं असूनही मोठ्या लोकांनी चित्रांची रांग लावली, तेव्हा देव आणि राजे पुढे उभे केले, मग चेहरे, मग डोंगर-नद्या, आणि भांडीकुंडी पार शेवटी.

"म्हणून तर बायकांना हे काम मोकळं होतं," अण्णा म्हणाले. "लढाया रंगवायला त्यांना कोण बोलावणार? त्या आपल्या घरातलं टेबल रंगवायच्या."

"मग त्यांची नावं राहिली?" सूनबाईने विचारलं.

"थोड्या जणींची. बाकीच्यांची गेली."

सूनबाईने रिकामी कपबशी उचलली. तिचा नवरा नोकरीनिमित्त बाहेरगावी असे. लग्नाआधी ती चित्रकला शिकलेली होती, पण या घरात तिला ते कुणी विचारलंच नव्हतं.

अण्णांचं हे चित्र गावातल्या मोठ्या प्रदर्शनासाठी होतं. मला मात्र वेगळीच शंका येऊ लागली होती. अण्णा लिंबू रंगवायला तपकिरी रंग का घेतात? बाटलीची कड चुकून कवटीवर का जाते? त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते कुणाला सांगत नव्हते, बहुधा स्वतःलासुद्धा.

आणि मग दुपारच्या भेटी सुरू झाल्या. जेवून अण्णा खाली पडले की सूनबाई पावलं न वाजवता माडीवर येई आणि त्यांच्या स्टुलावर बसे. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही रंग चोरते आहे. पण तिने ब्रश उचलला आणि तपकिरी लिंबावर पिवळा रंग चढवला. बाटलीची कड जागेवर आणली. सासऱ्यांना परीक्षक हसू नयेत, एवढाच तिचा हेतू. तासाभराने ती ब्रश पुसून निघून जाई.

चौथ्या दिवशी अण्णांनी चित्रावर बोट टेकवलं. बोटाला ओला पिवळा रंग लागला.

"आक्का! वर ये आधी!"

आक्का धापा टाकत वर आल्या. रोज ताजं लिंबू ठेवायला आणि केर काढायला या खोलीत त्याच येत.

"काल मी लिंबाला हात लावला नव्हता. तू मुद्दाम रंग फासून चित्र बिघडवलंस."

"वेडा का खुळा तू? मी कशाला तुझ्या चित्राला हात लावू?"

"तुला ही चित्रं कधी आवडली नाहीत. भिंतीवरही भांडीच का, असं तूच म्हणायचीस."

"म्हणायचे, तोंडावर म्हणायचे! पाठीमागून काही केल्याचं आठवतंय तुला?"

अण्णांच्या डोक्यात संशयाचं भूत शिरलं ते शिरलंच. त्या रात्री त्यांनी दाराला आडवा दोरा बांधला. सकाळी तो तुटला, कारण केर काढायला आक्काच आल्या होत्या, पण अण्णांना तेवढाच पुरावा पुरला. "एवढा अविश्वास असेल तर मी पुतणीकडे जाते," आक्का म्हणाल्या. त्या माघार घेतील असं अण्णांना वाटलं असावं, पण आक्कांनी खरंच ट्रंक काढली.

सूनबाई जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती. खरं सांगायचं तर अण्णांचे डोळे गेलेत हेही सांगावं लागणार, आणि प्रदर्शन आठ दिवसांवर. ती गप्प बसली. जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला, आणि आयुष्यात एकदाच मला खरं काय ते पक्कं माहीत होतं, तर सांगायला जीभ नव्हती. त्या दुपारी मला स्वतःचाच राग आला.

त्याच दुपारी सूनबाईने माझं पोट रंगवलं. अण्णांनी ते कोरं सोडलं होतं. एवढी बारीक चकाकी त्यांना दिसतच नव्हती. तिने मात्र माझ्या पोटात जे जे दिसलं ते ते इमानाने उतरवलं. खिडकी उतरवली, खिडकीचे गज उतरवले, आणि चित्रफळ्यासमोर बसलेली इवलीशी आकृतीही.

दोन दिवसांनी फ्रेमवाला माप घ्यायला आला. आक्कांची ट्रंक तेव्हा खाली दाराशी होती, आणि त्या जायचं सांगायला म्हणून वर आल्या होत्या. फ्रेमवाल्याने भिंग काढून चित्रातलं माझं पोट न्याहाळलं आणि हसत म्हणाला, "अण्णा, तुमच्या डोक्यावर हा काळाभोर अंबाडा कधी उगवला हो?"

अण्णांनी भिंग हातात घेतलं आणि डोळा चित्राला टेकेपर्यंत वाकले. आक्कांचे केस तर पांढरे. सगळ्यांच्या नजरा सूनबाईकडे वळल्या.

"मीच केलं, अण्णा," ती म्हणाली. "तुम्हाला नीट दिसत नाही. मला सांगवेना. आणि आक्कांवर आलं तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. चुकलं माझं."

अण्णांनी भिंग परत केलं आणि म्हणाले, "आक्का, ट्रंक आत ने."

आक्कांनी पदर खोचला. "लिंबाची साल कुठे वळते ते तू आठ-आठ दिवस बघत बसतोस. माझ्याकडे एकदा तरी नीट बघितलं असतंस, तर हा संशयच आला नसता." एवढं बोलून त्या जिना उतरल्या, आणि थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजली.

चित्र प्रदर्शनात लागलं. अण्णांनी हट्टाने खाली सूनबाईचं नाव घातलं. लोकांनी कौतुक केलं, माझ्या पोटाचं तर फारच. पुढे अण्णांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाल्यावर ते पहिल्यांदा गेले ते आक्कांकडेच. आक्कांनी त्यांना जेवू घातलं, डोळ्यांची चौकशी केली आणि एकट्यालाच परत पाठवलं. त्यानंतर ते तीनदा जाऊन आले आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगून मी निरोप घेणार होते. पण आमचं काय, आम्ही माळ्यावरही राहतो. संशय घ्यायचाच असेल तर खुशाल माझ्यावर घ्या. मला पोचा पडला, तर तांबट दोन ठोक्यांत काढून देतो. माणसावर घेण्याआधी मात्र उजेडात जा आणि त्याच्या तोंडाकडे नीट बघा. या घरात ते बघायला उशीर झाला. आक्का अजून आलेल्या नाहीत.